डोक्यालाच पाय

साडेतीन-चार वर्षांचं मूल माणूस काढतं तेव्हा आधी एक गोल येतो. गोलात दोन ठिपके, जमलं तर तोंडाची आडवी रेघ, आणि गोलाच्या बुडातून थेट खाली उतरणाऱ्या दोन रेघा. झाला माणूस! मान कुठंय, पोट कुठंय, हे प्रश्न मोठ्यांना पडतात. मुलाच्या लेखी चित्र पूर्ण असतं. जर्मन भाषेत अशा चित्राला ‘कॉप्फफ्यूसलर’ म्हणतात, म्हणजे डोक्यालाच पाय फुटलेला. गंमत म्हणजे ऑक्टोपस, स्क्विड, कटलफिश या प्राण्यांच्या वर्गालाही त्या भाषेत हाच शब्द आहे. आपल्याकडच्या जीवशास्त्राच्या पुस्तकांतला ‘शीर्षपाद’ याच अर्थाचा. म्हणजे ऑक्टोपस काढायला शिकवायच्या आधीच मूल तो काढून बसलेलं असतं. फक्त पाय दोन असतात आणि नाव ‘बाबा’ असतं.

समुद्रातला प्राणी शिकवायचा म्हटलं की बहुतेक जण माशापासून सुरुवात करतात. दोन कमानी एकमेकींना भेटवायच्या, मागे त्रिकोण, पुढे डोळा. मासा फार लवकर जमतो, हीच त्याची अडचण. पहिल्या पाच मिनिटांत जमलेला तो मासा मूल पुढे पाच वर्षं जसाच्या तसा काढत राहतं, कारण त्यात पाहण्यासारखं काही उरलेलंच नसतं. ऑक्टोपसचं तसं होत नाही. त्याचा आकार ठरलेला नाही, रंग ठरलेला नाही, आणि आठ हात एकाच तऱ्हेनं दोनदा पडत नाहीत. दर वेळी नव्यानं ठरवावं लागतं. म्हणून सुरुवात याच्यापासून करावी, असं आमचं ठाम मत आहे.

मूल जो गोल काढतं आणि आपण ज्याला ऑक्टोपसचं डोकं म्हणतो, ते डोकं नसतं. ती धडाची पिशवी आहे. शास्त्रीय भाषेत प्रावार. पोट, कल्ले, हृदयं, शाईची थैली, सगळं तिच्यात. खरं डोकं म्हणजे पिशवी आणि हात यांच्यामधला अरुंद भाग, आणि डोळे तिथे असतात. क्रम असा: वर पिशवी, मध्ये डोळे, खाली हात. मुलांच्या चित्रात, आणि मुलांसाठी छापलेल्या बहुतेक चित्रांतही, डोळे गोलाच्या बरोबर मधोमध असतात. त्यानं तो प्राणी दोऱ्या लोंबणाऱ्या चेंडूसारखा दिसतो. हे दोन डोळे तिथून उचलून खाली, हात सुरू होतात त्याच्या जरासे वर आणून ठेवले, की बाकी काहीही न बदलता चित्र एकदम ऑक्टोपसचं वाटू लागतं. शिकवण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाली तर ही निवडावी.

पिशवीही चेंडूसारखी गोल नसते. फुग्यात निम्मंच पाणी भरून त्याला गाठ मारा आणि टेबलावर ठेवा. तो बसकण मारतो, एका बाजूला कलतो, गाठीकडे निमुळता होतो. खडकावर बसलेल्या ऑक्टोपसची पिशवी अशीच मागे कललेली असते. मुलांना फुगा हातात घेऊ द्या, दाबू द्या, उलटा-पालटा करू द्या आणि मगच कागदाकडे वळा. चारेक वर्षांच्या मुलाला ‘कललेला लंबगोल’ सांगून काही कळत नाही. ‘पाण्याचा फुगा बसलाय’ म्हटलं की लगेच कळतं. पिशवी कागदाच्या वरच्या एक तृतीयांश भागात मावली पाहिजे. हे सांगितलं नाही तर ती मधोमध येते, इतकी मोठी होते की हातांना बोटभर जागा उरते, आणि मग आठही हात झालरीसारखे खाली लटकतात. कागदाला आधी आडव्या दोन घड्या घालून तीन पट्टे पाडले तर बोलण्याचीही गरज पडत नाही: वरच्या पट्ट्यात पिशवी, बाकीचे दोन हातांसाठी.

साहित्याचं फार अवडंबर नको. कागद मात्र मोठा हवा. ए४ आकारावर हात आखडतो, ए३ वर खांद्यापासून फिरतो. ऑक्टोपसच्या हाताची लांब, वळणदार रेघ मनगटातून निघत नाही. मनगटाचा आवाका जेमतेम आठ-दहा सेंटिमीटरांचा, त्यापुढे रेघ तुटते किंवा टोकदार वळते. म्हणून मुलांना उभं राहून काढू द्यावं. लहानांना जाड मेणखडू, सात वर्षांपुढच्यांना २बी पेन्सिल. एचबी पेन्सिलनं मुलं दाबून काढतात, कागदावर चर पडतात आणि नंतर रंगाचं पाणी त्याच चरांत साचतं. खोडरबर पहिला अर्धा तास टेबलावर नकोच. तो हाताशी असला की मूल चित्र काढायचं सोडून पहिलाच हात सात वेळा पुसत बसतं. डावखुऱ्या मुलानं उजवीकडून सुरुवात करावी, उजव्या हाताच्या मुलानं डावीकडून, म्हणजे काढलेलं तळहाताखाली फासत नाही. आणि कागद टेबलाला चिकटवू नका. काही वळणं हाताला जात्याच अवघड जातात. अशा वेळी मनगट मुरगळण्यापेक्षा कागद फिरवणं सोपं. ही साधी मुभा कित्येक मुलांना कुणी दिलेलीच नसते.

आता आठाचा हिशेब. ‘आठ हात काढ’ म्हटलं की मूल डावीकडून एकेक हात ओळीनं काढत जातं. पहिले तीन ऐसपैस, पुढचे दोन दाटीवाटीनं, आणि उजव्या टोकाला पोचेपर्यंत मोजणी सुटलेली. पाच होतात नाहीतर अकरा. यात मुलाचं गणित कच्चं नसतं, क्रम चुकलेला असतो. ऑक्टोपसचे हात चार जोड्यांत असतात, तेव्हा काढायचेही जोडीनं. आधी सगळ्यात बाहेरचे दोन, डावीकडचा आणि उजवीकडचा. मग मधले दोन, समोर येणारे. आता दोन्ही बाजूंना एकेक मोकळी जागा उरते, तिथे दोन-दोन. मूल सहा वर्षांच्या आतलं असेल तर हात काढण्याआधी कागदाच्या कडेजवळ आठ ठिपके द्यायला सांगा: हाताची टोकं इथे पोचणार. ठिपके लांब-लांब, काही कोपऱ्यात, एखादा वरही, पिशवीच्या शेजारी. मग डोळ्यांखालून निघून प्रत्येक ठिपक्याला गाठायचं, पण सरळ जायचं नाही, रमतगमत जायचं. मोजायला स्वतःचे हात आहेतच. दोन्ही पंजे पुढे, अंगठे आत दुमडलेले: उरली आठ बोटं.

(तळव्याला रंग फासून कागदावर ठसा उमटवायचा आणि त्याला डोळे लावून ऑक्टोपस म्हणायचं, हा प्रकार फार लोकप्रिय आहे. मुलांना रंगात हात बुडवायला मजा येते, ते ठीक. पण बोटं ताठ, टोकाला बोथट, वळण नावालाही नाही. तो हाताचा ठसा आहे, चित्र नव्हे. मोजणीपुरते पंजे वापरावेत आणि रंग धुऊन टाकावा.)

मोजणी पक्की करायची आणखी एक युक्ती म्हणजे ऑक्टोपस खालून पाहायचा. काचेला चिकटून बसला तर तो जसा दिसेल, तसा. मध्ये लहानसा गोल, त्यातून बाहेर जाणारी अधिकची खूण, तिच्यावर गुणिलेची खूण. झाले आठ, समान अंतरावर, चुकायला जागाच नाही. हा आकार मुलांना शिकवावाही लागत नाही. मुलांची लाखो चित्रं गोळा करणाऱ्या रोडा केलॉग यांनी नोंदवलंय, की गोलातली फुली आणि किरणं फुटलेला सूर्य ही रूपं मुलांच्या कागदावर माणसाच्याही आधी उतरतात. आपण फक्त त्या सूर्याच्या किरणांना वळण द्यायचं आणि मधल्या गोलात एक बारीकशी चोच काढायची. हो, चोच. ऑक्टोपसचं तोंड तिथेच, आठही हातांच्या मधोमध, आणि तोंडात पोपटासारखी चोच.

त्यावरून एक तक्रार हमखास येते: ‘मग याला हसवायचं कुठे?’ बाजूनं पाहिलं तर ऑक्टोपसचं तोंड दिसतच नाही, ते हातांच्या मुळाशी दडलेलं असतं. डोळ्यांखाली हसरी कमान काढण्याची इतकी सवय झालेली असते की ती काढायची नाही म्हटलं की चेहराच हिरावून घेतल्यासारखं होतं. लहानांशी यावर वाद घालू नये, काढू द्यावी. सात-आठ वर्षांच्या मुलांना मात्र तिथे खरं काय असतं ते दाखवावं: डोळ्याच्या खालच्या अंगाला, पिशवीच्या तोंडापाशी, एक आखूड नळी. तिला नसराळं म्हणतात. त्यातून तो पाण्याचा झोत सोडतो, शाईही तिथूनच. झोत पुढे, म्हणून प्राणी मागे. पोहणारा ऑक्टोपस पिशवी पुढे करून जातो आणि आठही हात एकत्र होऊन शेपटीसारखे मागे ओढले जातात. मुलं नेमकं उलट काढतात, हात पुढे पसरलेले आणि पिशवी मागे, कारण आपण पोहताना हात पुढे टाकतो. नसराळं कुठल्या दिशेला तोंड करून आहे, हा प्रश्न विचारला की चित्रातली दिशा मूल स्वतःच सुधारतं.

आता हातांकडे. सगळी अवघड आणि सगळी मजेची गोष्ट इथे आहे.

मुलं हात तीन चुकीच्या तऱ्हांनी काढतात. काठीसारखे ताठ, स्प्रिंगसारखे एकसारखे नागमोडी, किंवा आपल्या हातासारखे कोपरात मोडलेले. तिन्हींचं मूळ एकच, हात आतून कसा आहे ते माहीत नसणं. त्यात हाड नाही, सांधा नाही, नुसते स्नायू आहेत, आपली जीभ किंवा हत्तीची सोंड असते तसे. मुलांना जीभ बाहेर काढायला सांगा. वर, खाली, बाजूला, गुंडाळून. कुठेही वाकते, कोपर नाही. हे एकदा आरशात पाहिलं की कोपर आपोआप गळून पडतं. तरी एक गोष्ट कानावर असू द्यावी: सापडलेलं भक्ष्य तोंडाकडे नेताना ऑक्टोपस तोच बिनहाडांचा हात तात्पुरत्या कोपरासारखा वाकवतो. तेव्हा एखाद्यानं हट्टानं कोपर काढलंच, तर त्या हाताच्या टोकाला एक खेकडा द्या. चित्र बिनचूक होतं.

स्प्रिंगचा दोष जास्त चिवट. आठही हात सारखेच वळवळतात, जणू सगळ्यांना एकाच वेळी एकच गाणं ऐकू येतंय. ‘वेगवेगळे काढ’ म्हणून उपयोग होत नाही, कारण वेगळं म्हणजे कसं ते मुलाला ठाऊक नसतं. इथे ऑक्टोपसच मदतीला येतो. त्याच्या शरीरात सुमारे ५० कोटी चेतापेशी आहेत आणि त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश डोक्यात नसून हातांत आहेत. प्रत्येक हात बरंचसं स्वतःच्या हिमतीवर चालतो. एक दगडाखाली चाचपत असतो, तेव्हा दुसरा शिंपला घट्ट धरून असतो. म्हणून प्रत्येक हाताला काम द्यायचं. काढायच्या आधी तोंडी ठरवायचं: हा खडकाला धरून आहे, हा बिळात शिरलाय, यानं शंख उचललाय, हा नुसता लोळतोय, हा मागे वळून पाठ खाजवतोय. शेवटचं काम शास्त्रात बसो न बसो, रेघ अप्रतिम येते. खडक धरणारा हात जाड आणि ताणलेला येतो, बिळातल्याचं टोक दिसतच नाही, लोळणारा सैल पडतो. आकाराबद्दल एक शब्दही न बोलता आठ निराळे आकार मिळतात.

रेघ काढायची पद्धत: आधी एकेरी, हलकी. सुरुवात अंगाकडून, शेवट टोकाशी. उलटं केलं तर हात अंगाला नीट जुळत नाही, बाहेरून आणून डकवल्यासारखा दिसतो. आठही एकेरी रेघा पसंत पडल्यावर प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंनी रेघ काढून तिला जाडी द्यायची. मुळाशी साधारण दोन बोटं, टोकाशी पेन्सिलीच्या टोकाएवढी. मुलांचा हात टोकाशी रुंदच राहतो, मोज्यासारखा. त्याचं कारण ती बाजूच्या दोन रेघा समांतर ओढतात. ‘दोन रेघा एकमेकींना भेटायला निघाल्यात, पण वाटेत घाई करायची नाही’, एवढं पुरतं. शेवटी दोन हातांच्या मुळांमध्ये उथळ कमान द्यायची, बदकाच्या बोटांमध्ये पडदा असतो तशी. ऑक्टोपसच्या हातांच्या मुळाशी असा पडदा असतोच, आणि त्या सात-आठ कमानींनी हात शरीरातून उगवल्यासारखे दिसतात. हे विसरलं की चित्र कोळ्याकडे झुकतं.

एक हात दुसऱ्यावरून गेला की खरी कसोटी. मूल दोन्ही हात पूर्ण काढतं, रेघा एकमेकींना कापत जातात आणि काचेच्या नळ्या एकावर एक ठेवल्यासारखं दिसतं. पाच-सहा वर्षांपर्यंत हे तसंच राहू द्यावं. फ्रेंच अभ्यासक जॉर्ज-आंरी ल्युके यांनी १९१३ मध्येच स्वतःच्या मुलीच्या चित्रांवरून मांडलं होतं, की मूल दिसतं ते काढत नाही, माहीत आहे ते काढतं. आणि मागचा हात तिथे आहे हे तर मुलाला माहीत असतंच. पुढच्या वयात क्रम सांगावा: जो हात पुढे तो आधी, पूर्ण जाडीसकट. मागच्या हाताची रेघ त्याच्या कडेला येऊन थांबते, पेन्सिल उचलायची, हात ‘बोगद्यातून’ पलीकडे जाऊ द्यायचा आणि तिथून पुन्हा सुरू. पलीकडून निघताना रेघ बहुधा चुकीच्या जागी निघते, वर किंवा खाली सरकते. पेन्सिल न टेकवता, हवेतल्या हवेत बोगदा पार करून पाहिला तर सरकत नाही. एका चित्रात असे दोन-तीन बोगदे खूप झाले. सगळेच हात एकमेकांत गुंतवले तर सोडवणारा मोठाही दमतो.

हातांवरचे ते वाटीसारखे गोल म्हणजे चूषक. मुलं ते हाताच्या मधोमध बटणांसारखे लावतात, नाहीतर दोन्ही कडांना. खरं म्हणजे ते फक्त हाताच्या खालच्या अंगाला असतात, नेहमीच्या जातींत दोन ओळींत, तोंडाकडे मोठे आणि टोकाकडे बारीक होत गेलेले. हे सांगून पटत नाही, करून पटतं. पंचवीस सेंटिमीटर लांबीची कागदाची पट्टी घ्या, एका टोकाला दोन सेंटिमीटर रुंद, दुसरीकडे निमुळती. एकाच बाजूवर दोन ओळींत गोल काढा. आता पट्टी पेन्सिलीभोवती गुंडाळून सोडा, पीळ द्या, टेबलावर पडू द्या. कुठे गोल दिसतात, कुठे कोरी पाठ दिसते, कुठे कडेवरून अर्धेच डोकावतात. हाच ऑक्टोपसचा हात. मुलांना ही पट्टी समोर ठेवून एकच हात काढू द्या, तोही मोठा, पूर्ण कागदभर. आमच्या मते या एका हाताला अख्ख्या ऑक्टोपसपेक्षा जास्त वेळ द्यावा.

किती चूषक काढायचे? जायंट पॅसिफिक ऑक्टोपसच्या मादीला एका हातावर सुमारे २८० असतात. एखादं मूल हे ऐकून खरोखर मोजून काढायला बसतं, आणि त्याला थांबवू नये. इतरांनी मुळाशी सहा-सात नीट गोल काढावेत, मग ठिपके, मग काहीच नाही. बाकीचं पाहणाऱ्याचा डोळा भरून काढतो. स्क्विडची, म्हणजे माकूलची गोष्ट इथे वेगळी पडते. त्याला आठ हातांखेरीज दोन लांब शुंडके असतात आणि त्यांच्या टोकाशीच चूषकांचा झुबका असतो. दहा झाले तर ‘हा माकूल आहे’ म्हणून सुटणाऱ्या चतुर मुलांना हे माहीत असणं बरं.

हात नऊ झाले तर? पुसायचं नाही. नववा हात समुद्रातली वनस्पती होतो, दोन पानं लावली की झालं. सात झाले तर त्याहून सोपं. ऑक्टोपसचा तुटलेला हात पुन्हा उगवतो; जिथे जागा मोकळी आहे तिथे बोटाएवढा, बारीक, नवा हात काढा. शिवाय समुद्रात ‘सात हातांचा ऑक्टोपस’ या नावाची एक जातच आहे. तिच्यातल्या नराचा आठवा हात डोळ्याखालच्या पिशवीत गुंडाळलेला असतो, म्हणून मोजणारे फसले. चुकलेल्या मुलाला हे सांगितलं की चूक मिरवण्याची वस्तू होते.

डोळा शेवटी काढावा. आधी काढला तर मूल त्यातच रमतं, पापण्या येतात. ऑक्टोपसला पापण्यांचे केस नसतात. डोळा डोक्याच्या बाजूला, उंचवट्यावर असतो, आणि बाजूनं पाहिलं तर एकच दिसतो. उजेडात त्याची बाहुली आडव्या फटीसारखी होते, आणि प्राणी कलला, उलटा झाला तरी ती फट बहुधा क्षितिजाला समांतर राहते. म्हणजे चित्रात ऑक्टोपस उतारावर झुकलेला असला, तरी बाहुलीची रेघ कागदाच्या खालच्या कडेला समांतर. चित्रभर सगळं वाकडंतिकडं आणि डोळ्यात एकच सरळ रेघ. एवढ्यानं नजरेत जी स्थिरता येते ती चकचकीत पांढऱ्या ठिपक्यानं येत नाही.

‘याला हृदय काढू?’ असं कुणीतरी विचारतंच. काढ, पण तीन काढ. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, दोन कल्ल्यांजवळ आणि एक बाकीच्या शरीरासाठी. रक्त निळसर, कारण त्यात लोहाऐवजी तांब्यावर चालणारं रंगद्रव्य. मुलांना आतलं काढायची हौस असतेच, ती एका वेगळ्या कागदावर पुरवावी: पिशवी पारदर्शक, आत निळी तीन हृदयं, काळी शाईची थैली, हातांच्या मुळाशी चोच. या एका चित्रानंतर पिशवीला डोकं म्हणायचं मुलं स्वतःहून सोडतात.

समोर नमुना काय ठेवायचा? मेलेला प्राणी नको. हाडं नसल्यानं तो बाहेर काढला की ओघळून सपाट होतो, रंग उतरतो. काचेच्या बरणीत स्पिरिटमध्ये ठेवला तरी तेच. याच अडचणीमुळे १८६०च्या दशकापासून जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या लिओपोल्ड ब्लाश्का आणि पुढे त्यांचा मुलगा रुडॉल्फ यांनी संग्रहालयांसाठी अशा मऊ सागरी प्राण्यांच्या काचेच्या प्रतिकृती घडवल्या, आणि त्या आजही जिवंत वाटतात. मुलांसाठी चालत्या ऑक्टोपसची दोन मिनिटांची चित्रफीत उत्तम. आवाज बंद, तीनदा दाखवायची: एकदा नुसतं पाहायला, एकदा एकच हात निवडून त्याच्यावरून डोळे न काढता, एकदा डोळ्यासाठी. मग पडदा बंद करून काढायचं. पडदा चालू ठेवला तर मूल प्रतिमा थांबवायला सांगतं आणि छायाचित्राची नक्कल सुरू होते.

पायरीपायरीनं काढायला शिकवणारे छापील तक्ते टाकाऊ नसतात. कुठून सुरुवात करावी हे त्यांतून कळतं. पण तीस मुलांचे तीस ऑक्टोपस एकाच साच्यातले निघाले तर तक्ता जास्त वेळ समोर राहिला असं समजावं. फळ्यावर आपण काढून दाखवलं तरी तेच. दाखवावं, आणि मुलांनी पेन्सिल उचलायच्या आत पुसून टाकावं. मुलाच्या कागदावर मात्र कधीही रेघ ओढू नये, ‘जरा दाखवतो’ म्हणूनसुद्धा नाही. शेजारी वेगळा कागद ठेवावा.

जागा कशी भरावी याचा धडा हवा असेल तर ग्रीसच्या क्रीट बेटावर पालाइकास्त्रो इथे सापडलेला, इसवी सनापूर्वी सुमारे १५०० मधला मातीचा चपटा बुधला पाहावा. त्याच्या फुगीर अंगावर ऑक्टोपस असा पसरलाय की हातांची वेटोळी कडेपर्यंत पोचतात आणि उरलेल्या फटींत पाणवनस्पती, शंख. दोन्ही डोळे समोर रोखलेले, शास्त्राला धरून नव्हे, पण एकही हात दुसऱ्यासारखा नाही. रिकामी जागा दिसली की हात तिकडे वळवायचा, एवढीच त्या कुंभाराची युक्ती.

रंगाचं काम दुसऱ्या दिवशी. सगळ्यांचा हात लाल खडूकडे जातो. ऑक्टोपसच्या कातडीत रंगाच्या सूक्ष्म लवचीक पिशव्या असतात. स्नायूंनी ताणल्या की रंग पसरतो, सोडल्या की ठिपका होतो. क्षणात करडा, तपकिरी, पांढरट, ठिपक्याठिपक्यांचा. अॅरिस्टॉटलनं सुद्धा त्याचं रंग पालटणं नोंदवून ठेवलंय. तेव्हा लालच हवा असं नाही. तरी प्रत्येकाला तीनच रंग द्यावेत, दोन जवळचे आणि एक पाण्यासाठी. पेटी उघडी दिली की सगळे रंग एकमेकांत जाऊन चिखल होतो.

मेणखडू आणि जलरंग ही जोडी इथे फार शोभते. कागद जाड हवा, किमान २०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा). साध्या वहीचा कागद ओला झाला की फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. चूषक आणि कडा पांढऱ्या किंवा फिकट मेणखडूनं, भरपूर दाब देऊन. मग वरून पातळ रंगाचा हात. मेण रंगाला थारा देत नाही, गोल उजळून येतात. फसतं ते दोन कारणांनी: खडू हलका फिरवलेला असतो, किंवा रंग दाट असतो. पोस्टर कलर जाड लावला तर तो मेणालाही झाकून टाकतो. पाण्यासारखा पातळ हवा. रंग ओला असतानाच जाडं मीठ भुरभुरलं तर दाणे आजूबाजूचं रंगीत पाणी ओढतात आणि कातडीसारखी खरबरीत नक्षी उमटते. वेळ साधावी लागते. कागदावर पाण्याचं तळं असताना टाकलं तर मीठ विरघळून जातं, चमक गेल्यावर टाकलं तर काहीच होत नाही. कागद ओलसर चमकत असतो ती मधली मिनिट-दोन मिनिटं खरी. मग अर्धा तास हात लावायचा नाही, आणि पूर्ण वाळल्यावरच मीठ झटकायचं.

नऊ-दहा वर्षांच्या मुलांना ‘मला चित्र येत नाही’ हे वाक्य नुकतंच सापडलेलं असतं. त्यांच्यासाठी शेवटचा खेळ राखून ठेवावा: दिसणार नाही असा ऑक्टोपस. आधी पूर्ण कागदावर स्पंजनं खडक, वाळू, शेवाळ उठवायचं, तीन रंगांत, आणि वाळू द्यायचं. मग त्यावर पेन्सिलीनं अगदी हलका ऑक्टोपस, आणि आतही तेच रंग, तोच स्पंज, तीच नक्षी. खडकाचा डाग पिशवीवरून सरळ पुढे गेला पाहिजे. कडेला येऊन थांबला की प्राणी उघडा पडतो. बाह्यरेषा नाही. एखाद्या हाताखाली सावलीची पुसट रेघ, कुठे दोन-चार चूषक, बस. वर्षानुवर्षं कडा ठळक करायची सवय लागलेल्या हाताला हे फार जड जातं, आणि कडा काळी करण्याचा मोह शेवटच्या पाच मिनिटांत हमखास होतो. तेव्हा काळा खडू आधीच उचलून ठेवावा. ऑक्टोपसच्या बहुतेक जातींच्या डोळ्यांत एकाच प्रकारचं प्रकाशग्राही रंगद्रव्य असतं, म्हणजे त्यांना आपल्यासारखे रंग दिसत नसावेत. तरी ते आजूबाजूच्या खडकाशी इतके बेमालूम जुळतात. ‘मला रंग जमत नाहीत’ म्हणणाऱ्याच्या कानावर हे सहज पडू द्यावं.

झालेली चित्रं भिंतीवर लावून सगळ्यांना दोन मीटर लांब उभं करावं. ज्याचा ऑक्टोपस सगळ्यात उशिरा सापडेल तो जिंकला. नाव आणि तारीख कागदाच्या मागे लिहायला लावा. पुढे लिहिलं की नजर आधी कोपऱ्यातल्या नावाकडे जाते, तिथून शेजारच्या हाताच्या टोकाकडे, आणि खेळ तिथेच संपतो.